ओंकारेश्वराजवळचा बोळ आणि आमचं बांधणीचं दुकान

आमचा व्यवसाय पुस्तकबांधणीचा. दुकान आज सदाशिव पेठेत आहे, पण सुरुवात झाली शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. तो बोळ आता नाही. आमची वाटचाल सांगायची तर आधी त्याच्याबद्दल सांगायला हवं, कारण हा धंदा उभा राहिला तो तिथल्या शेजाराच्या जोरावर.

बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना वाडे. ओट्यालगतच्या खोल्यांमधून लहान लहान कामं चालायची. एका वाड्यात छपाईचं ट्रेडल मशीन, समोर वह्यांच्या कागदावर रेघा आखून देणारे, पलीकडे पुठ्ठ्याचे डबे करणारे. छापलेले फर्मे, म्हणजे घडी घालायचे मोठे ताव, दुपारी आजोबांकडे येत. मग घडी, जुळणी, शिवण, खळ, दाब, कटिंग, आणि तयार गठ्ठे डोक्यावरून अप्पा बळवंत चौकात. कागद दाराबाहेर पडला की चार पावलांवर त्याचं पुढचं काम करणारा माणूस होता. आजोबांना सगळे मास्तर म्हणत. रोजकीर्दी आणि खतावण्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या, ही त्यांची खासियत. दिवाळीत वहीपूजनासाठी लागणाऱ्या वह्यांचं काम पावसाळ्यातच सुरू व्हायचं, त्यामुळे जुलैत दुकान कागदाने भरलेलं असे.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण. काम पुरतं संपलेलं नसताना पावसाळ्यात त्यात पाणी साठलं होतं. ते सगळं पाणी खडकवासल्यात उतरलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं. शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येई. म्हणजे मुठेचं पाणी घरात शिरलेलं आणि नळ कोरडे, अशी पुण्याची अवस्था झाली. आजी-आजोबा मुलांना घेऊन वेळेत उंचावर गेले, म्हणून आम्ही आहोत.

बोळ एका लाटेत वाहून गेला असं अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. आमच्या वाड्यांची जोती दगडी होती, पण वर लाकडी सांगाडा आणि मातीच्या भिंती. तासन्‌तास पाण्यात राहिलेली ती माती पाणी ओसरल्यावर सुटू लागली आणि भिंती एकेक करून बसल्या. पुढे पुनर्वसनाचं काम सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. शहरात नवी आखणी झाली, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. आमच्या बोळात जवळपास सगळे भाडेकरू. कोणी इकडे गेलं, कोणी तिकडे. छापणारा एका टोकाला आणि आखणारा दुसऱ्या टोकाला गेल्यावर ती साखळी पुन्हा जुळली नाही. घरं मिळाली, हे मोठंच काम झालं. पण एकमेकांवर चालणारे धंदे एकत्र बसवायला हवेत, हा विचार झाला नाही, याची खंत मला आजही वाटते.

आजोबांना पहिलं काम मिळालं ते भिजलेल्या वह्यांचं. व्यापारी चिखलाने लिंपलेल्या खतावण्या घेऊन येत. उधारी कोणाकडे किती, सगळं त्यातच. आजोबा कणा उसवून जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करत, चिखल मऊ कुंच्याने काढत, पानांमध्ये कोरा कागद घालून तो पुन्हा पुन्हा बदलत, आणि पान जरासं दमट असतानाच दाबाखाली घेत, म्हणजे ते वाकडं होत नसे. काजळीच्या काळ्या शाईतलं लिखाण टिकलं होतं. निळी शाई मात्र बहुतेक धुऊन गेलेली. नव्या खळीत मोरचूद टाकून, म्हणजे कसर लागू नये, वही पुन्हा शिवून देत. जुन्या कागदाची ही दुरुस्ती आमच्या घरात आली ती अशी.

त्यावरच पुढे ग्रंथालयांची कामं मिळाली आणि वडिलांनी सदाशिव पेठेत जागा घेतली. संगणक आल्यावर खतावण्या जवळजवळ बंद झाल्या. आता प्रबंधांची बांधणी, ग्रंथालयांची पुस्तकं आणि घराघरांतून येणाऱ्या जुन्या पोथ्या, यांवर दुकान चालतं.

गेली काही वर्षं मी आणखी एक काम हाती घेतलं आहे. दुरुस्तीला आलेल्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यात आत रद्दी चिकटवलेली असते: बिलं, पावत्या, लग्नपत्रिकांचे खराब निघालेले छाप. त्यांवरचे पत्ते जुळवून मी आमच्या बोळाचा आराखडा तयार करतो आहे, कुठल्या वाड्यात कोणता धंदा होता याचा. मंदिराकडची बाजू बरीचशी भरली आहे. नदीकडच्या टोकाची माहिती फारच तुटक आहे. शनिवार पेठेच्या त्या भागातलं 1961 च्या आधीचं एखादं बिल किंवा भाडेपावती आपल्या घरी असेल तर दुकानात जरूर घेऊन या. कागद मी ठेवून घेणार नाही. पत्ता उतरवून घेईन, आणि कागद फाटका असेल तर पाठीला पातळ पण चिवट जपानी कागद लावून परत देईन, त्याचे पैसे घेणार नाही.