यादीत पॅच लागलेला, चालू कर्नल मात्र जुनाच: ओपनबीएसडीचा माझा अनुभव

साडेचार महिने आमच्या पतसंस्थेच्या एका शाखेतला फायरवॉल जुन्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या गाभ्यावर, चालत होता, आणि मी दर महिन्याच्या अहवालात 'सर्व पॅच (दोषांच्या दुरुस्त्या) लावलेले आहेत' असं लिहून देत होतो. खाली सही माझी. आठवलं की अजूनही पोटात कालवतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

संस्थेच्या सात शाखा आहेत. प्रत्येक शाखेत पंखा नसलेला एक छोटा डबा, म्हणजे लहान संगणक, त्यावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. फायरवॉलला पीएफ, वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधायला (म्हणजे डीएनएसला) अनबाउंड, आणि मुख्य कार्यालयापर्यंत व्हीपीएन, म्हणजे खासगी सुरक्षित वाट. 2015 मध्ये मी हे बसवलं. बसवायला त्रास झाला नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही.

पॅचचं मात्र थोडं सांगावं लागेल. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. पॅच फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. प्रत्येक पॅचला क्रमांक असतो आणि पुढे शिक्का असतो: 'सिक्युरिटी फिक्स' किंवा 'रिलायबिलिटी फिक्स'. पहिल्याचा अर्थ, कुणी आत घुसू शकेल किंवा नको ते करू शकेल. दुसऱ्याचा अर्थ, मशीन कोसळू किंवा अडकू शकेल. सुरुवातीला सोर्स (मूळ कोड) उतरवून घ्यायचा, सिग्निफाय या आज्ञेने पॅचची डिजिटल सही तपासायची, पॅच लावायचा आणि कंपाइल करायचं, असा सगळा घाट होता. छोट्या डब्यावर कर्नल कंपाइल करायला एवढा वेळ जायचा की मी सिक्युरिटीचे तेवढे लावायचो आणि रिलायबिलिटीचे पुढच्या आवृत्तीवर ढकलायचो.

ती सवय चुकीची होती, हे मला 2007 चं प्रकरण वाचल्यावर पटलं. आयपीव्ही6 या इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीच्या नियंत्रण पॅकेट्स हाताळताना कर्नलच्या मेमरीत गडबड व्हायची. मार्च 2007 मध्ये त्याचा पॅच आला तेव्हा त्यावर रिलायबिलिटीचा शिक्का होता. मशीन कोसळेल, एवढंच वाटत होतं. मग कोअर सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी त्याच दोषातून दुरून कर्नलमध्ये स्वतःचा कोड चालवून दाखवला आणि शिक्का बदलून सिक्युरिटी झाला. ओपनबीएसडी जे अभिमानाने सांगतं, की मूळ स्वरूपात बसवलेल्या सिस्टिममध्ये इतक्या वर्षांत दुरून घुसता येणारी फक्त दोन छिद्रं सापडली, त्यातलं दुसरं छिद्र हेच. तेव्हापासून शिक्का बघून पॅच गाळणं मी सोडलं. एप्रिल 2017 मध्ये 6.1 आवृत्तीबरोबर सिसपॅच हे साधन आलं आणि तो प्रश्नच मिटला. सिसपॅच तयार बायनरी आणतो, सही तपासतो आणि क्रमाने सगळे लावतो. मधला एखादा वगळायची सोयच नाही, आणि ते उत्तम आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये 7.4 आली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सिसअपग्रेड या आज्ञेने शाखा एकेक करून वर नेल्या. सहा शाखा बिनबोभाट झाल्या. सातवीचा डबा सुरू होताना एसडी कार्ड वाचकाच्या ड्रायव्हरपाशी अडकला. त्या डब्यात हे आधीपासूनच होतं. जुन्या कर्नलमध्ये मी तो ड्रायव्हर बंद करून ठेवला होता, पण अपग्रेडमध्ये कर्नलच नवा आला, त्यामुळे माझा बदल गेला. मी मशीन बूट होताना, म्हणजे सुरू होताना, कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये शिरून ड्रायव्हर बंद केला, मशीन वर आलं, आणि मग कॉन्फिगच्या आज्ञेने तोच बदल थेट डिस्कवरच्या कर्नल फाईलमध्ये कायमचा करून टाकला. पाच मिनिटांचं काम. घरी जाताना मी निर्धास्त होतो. सगळा घोळ या पाच मिनिटांत झाला.

मध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये कीट्रॅप नावाचा दोष उघड झाला. डीएनएसच्या सह्या तपासणाऱ्या सर्व्हरला एक मुद्दाम रचलेलं उत्तर दिलं की तो हिशेब करत बसतो आणि बाकी सगळं ठप्प. अनबाउंडचा पॅच लगेच निघाला, रात्री अडीचला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) सिसपॅच चालला, सकाळी मी सातही ठिकाणी अनबाउंड पुन्हा सुरू केला. (हे विसरू नका. पॅच डिस्कवरची फाईल बदलतो. आधीपासून चालू असलेली सेवा जुन्या फाईलवरच चालत राहते.)

मग मार्च उजाडला. आर्थिक वर्षाची अखेर, पतसंस्थेत श्वास घ्यायला फुरसत नसते. एका मंगळवारी संध्याकाळी सहाला सातव्या शाखेतून मॅडमचा फोन: "सर, नेट गेलंय. पिग्मीवाले सगळे थांबलेत, भरणा होत नाहीये." मी म्हटलं, "मॅडम, कपाटामागचा काळा डबा बंद करून दहा सेकंदांनी चालू करा." झालं चालू. शुक्रवारी पुन्हा तेच. या वेळी मॅडमचा आवाज बदललेला: "सर, मी रोज उठून डबा बंद-चालू करणार नाही हां. लोक आम्हाला बोलतात." त्यांचं बरोबर होतं.

रविवारी लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन गेलो. वॉचमन काकांनी शटर अर्धं वर केलं. केबल जोडून डबा पुन्हा सुरू केला आणि स्क्रीनवरून ओळी सरकायला लागल्या. एरवी या ओळी मी बघतही नाही. त्या दिवशी पहिल्या दोन ओळींवरच नजर अडली. आवृत्ती 7.4, पुढे चार आकडी बिल्ड क्रमांक, तारीख ऑक्टोबर 2023, वेळेपुढे कॅलगरीकडच्या माउंटन टाइमची खूण, आणि खालच्या ओळीत कर्नल बांधणाऱ्याचं नाव म्हणून ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ द राड यांचं खातं. म्हणजे हा प्रकाशनाच्या वेळचा मूळ कर्नल होता. सिसपॅचने कर्नल बदलला की त्या जागी 'रूट', 'सिसपॅच' आणि आवृत्तीचा आकडा असलेलं मशीनचं नाव येतं आणि बिल्ड क्रमांक एक, दोन, तीन असा लहान असतो. इतर शाखांमध्ये ते मी पाहिलेलं होतं.

सिसपॅचला लागलेल्या पॅचची यादी मागितली. सगळे क्रमांक हजर, कर्नलचे पॅचसुद्धा. उरलेले कोणते असं विचारलं तर काहीच नाही. मी ती यादी तीनदा मागितली. इथे माझा खरा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. ती यादी म्हणजे 'व्हार' या फोल्डराखालच्या सिसपॅच फोल्डरातल्या नोंदी. कोणता पॅच उतरवून फाइली जागेवर ठेवल्या, एवढंच ती सांगते. या क्षणी मेमरीत कोणता कर्नल चालू आहे, याच्याशी तिचा काही संबंध नाही. मी महिनोन् महिने हीच यादी अहवालात चिकटवत होतो.

मग रूटची, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याची, टपाल पेटी उघडली. क्रॉनमधून काही चाललं की त्याचा निकाल रूटला मेल होतो, आणि ते मेल माझ्याकडे वळवायची ओळ मी या डब्यावर घातलेलीच नव्हती. शेकडो मेल साचले होते. त्यात जिथे जिथे कर्नलचा पॅच आला होता तिथे शेवटी एकच मजकूर: कर्नल पुन्हा जोडतोय, आणि पुढे 'फेल्ड'. त्याखाली तीन उद्गारचिन्हांनंतर स्पष्ट सूचना, की नवा कर्नल बसवायचा तर जोडणीची आज्ञा हाताने चालवावी लागेल. सिसपॅचने प्रत्येक वेळी सांगितलं होतं, पण ते वाचायला कुणी नव्हतं.

कारण समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. 6.2 पासून ओपनबीएसडीत कार्ल नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक वेळी मशीन सुरू झालं की कर्नलचे तुकडे वेगळ्या क्रमाने जोडून पुढच्या बूटसाठी नवा कर्नल तयार होतो, म्हणजे हल्ला करणाऱ्याला कोणती गोष्ट मेमरीत कुठे आहे याचा अंदाज बांधता येत नाही. कर्नलचा पॅचही याच तुकड्यांमध्ये येतो आणि नंतर जोडणी होते. पण जोडणीच्या आधी डिस्कवरच्या कर्नलचा शा-256 हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) नोंदवलेल्या हॅशशी ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर सिस्टिम असं धरते की इथल्या माणसाने स्वतःचा कर्नल ठेवलाय, त्याला हात लावायचा नाही. नोव्हेंबरमध्ये मी कर्नल फाईल बदलली, तेव्हा हॅश मोडला. त्या दिवसापासून पॅचचे तुकडे येत होते, जागेवर बसत होते, आणि त्यांचा कर्नल कधीच बनत नव्हता. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री घरून रीबूट करायचो, तेव्हाही तोच नोव्हेंबरचा कर्नल वर यायचा.

जोडणीच्या लॉगमध्ये उपायही लिहिलेला आहे: शा-256 ची आज्ञा 'एच' पर्यायाने चालवून आत्ताच्या कर्नलचा हॅश नोंदवा. मी तेच केलं, जोडणी हाताने चालवली. त्या डब्याचा प्रोसेसर बेताचा, बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकत होता. शेवटी 'फेल्ड' आलं नाही. मी रीबूट दिलं.

डबा एसडी कार्ड वाचकापाशी अडकला.

अर्थातच. नवा कर्नल ताज्या तुकड्यांतून बनला, त्यात माझा ड्रायव्हर बंद केल्याचा बदल कुठून असणार? काका दोन चहा घेऊन आले आणि म्हणाले, "होईल का आज, साहेब?" मी म्हटलं, "झाल्याशिवाय मी हलत नाही काका, तुम्ही जेवून या."

पुन्हा बूट प्रॉम्प्टवरून कॉन्फिगरेशनमध्ये शिरलो, तिथे ड्रायव्हर बंद केला, बाहेर पडलो, मशीन वर आलं. हा बदल फक्त त्या बूटपुरता, डिस्कवरच्या फाईलला धक्का नाही, म्हणजे हॅश शाबूत. मग मॅन्युअल वाचत बसलो, जे नोव्हेंबरमध्येच करायला हवं होतं. ईटीसी फोल्डरात 'बीएसडी डॉट री-कॉन्फिग' नावाची एक फाईल ठेवायची सोय आहे. कॉन्फिगरेशनमध्ये हाताने टाइप करायच्या आज्ञा तिच्यात एका ओळीत एक अशा लिहायच्या. जोडणी झाली की प्रत्येक नव्या कर्नलला त्या आपोआप लागतात आणि हॅश त्यानंतर नोंदवला जातो. माझ्या फाईलमध्ये एकच ओळ आहे, एसडी कार्डाचा ड्रायव्हर बंद. जोडणी पुन्हा चालवली, रीबूट दिलं. कार्ड वाचकाचा टप्पा न थांबता ओलांडला गेला, आणि वरती बांधणाऱ्याच्या नावाच्या जागी सिसपॅचवालं मशीन दिसलं. दुपारचा एक वाजला होता. त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला, तो अजून आहे.

त्यानंतर ती शाखा एकदाही लटकलेली नाही. मार्चमधलं लटकणं त्या न लागलेल्या पॅचमुळेच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पुरावा हाताशी नाही.

आता आठवतील तशा गोष्टी सांगतो. कर्नल फाईल कॉन्फिगच्या आज्ञेने थेट बदलू नका, री-कॉन्फिगची फाईल वापरा. थेट बदल केलाच असेल तर आजच जोडणीचा लॉग उघडा, तो 'यूएसआर, शेअर, रीलिंक, कर्नल' या वाटेवर तुमच्या कर्नलच्या नावाच्या फोल्डरात असतो. रूटचे मेल एलियसेसच्या फाईलमधून स्वतःकडे वळवा आणि एकदा जाणूनबुजून चाचणीचा मेल पाठवून तो येतोय का ते बघा. बाहेरून बसवलेली पॅकेजेस सिसपॅचच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी पॅकेज अपडेटची आज्ञा वेगळी चालवावी लागते. जुन्या मशीनवर यूएसआरचं विभाजन लहान असेल तर अपग्रेडच्या आधी जागा मोजा. आणि आवृत्ती वर्षभर जुनी झाली की पॅच येणं गुपचूप थांबतं. सिसपॅच तेव्हाही 'उरलेलं काही नाही' अशा थाटात गप्प बसतो, म्हणून पुढच्या अपग्रेडची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवतो.

क्रॉनमधून सिसपॅच मी काढून टाकलाय. नव्या पॅचची चौकशी तेवढी क्रॉन करतो आणि मला मेल करतो, पॅच मी समोर बसून लावतो आणि शेवटची ओळ वाचतो. हे कंटाळवाणं आहे, पण ठेवीदारांचे पैसे ज्या वाटेने जातात तिथे मला दुसरं काही पटत नाही.

सोमवारी सचिव साहेबांना भेटून मागचे अहवाल चुकीचे होते हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "लेखी द्या." दिलं. आता अहवालात पॅचची यादी नसते. त्या जागी प्रत्येक शाखेच्या चालू कर्नलची ओळ जशीच्या तशी असते, तारीख आणि बिल्ड क्रमांकासकट. उरलेल्या सहा शाखांच्या ओळी त्याच रात्री घरून तपासल्या. पाच ठीक होत्या. सहावीत तोच ऑक्टोबर 2023 चा कर्नल. तिथे मी काय बदल केला होता ते आठवेना, जुन्या वहीत शोधलं तर नोव्हेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'इथेही वाचक बंद केला, पुढच्या वेळचा त्रास नको.' पुढच्या रविवारी केबल घेऊन तिकडे गेलो.