कोपऱ्यातली सही

माझे वडील मिरजेत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांची मागची बाजू, निवडणुकीच्या भिंती, गणपतीत मंडळांचे पडदे, सगळं करायचे. पाटी केवढीही असो, खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव बारीक अक्षरात असायचंच. गिऱ्हाइकानं कुरकुर केली तर म्हणायचे, "पाटी आवडली तर दुसऱ्यानं यायचं कुणाकडं?" पुढे फ्लेक्स आला आणि बघता बघता दुकान बसलं. तोवर एलिमेंटरी, इंटरमिजिएट उरकून मी पुण्याला अभिनव कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकायला आले होते. वडिलांचे चपटे ब्रश बरोबर आणले होते. त्यातले दोन अजून चालतात.

कॉलेज संपल्यावर पहिली काही वर्षं गाइडांसाठी चित्रं काढली. पचनसंस्था, शिवकालीन किल्ला, बेडकाचं जीवनचक्र. नगावर पैसे. २००६ साली पहिलं खरं चित्रपुस्तक मिळालं, सोळा पानांचं. तीन महिने पोस्टर कलरमध्ये घासले. छापून आल्यावर प्रत घेऊन मिरजेला गेले. वडिलांनी ती उलटसुलट केली, प्रत्येक पानाचा कोपरा पाहिला आणि विचारलं, "सही कुठाय?" मुखपृष्ठावर फक्त लेखकाचं नाव होतं. आत तर माझं नावच नव्हतं. मूळ चित्रंही परत मिळाली नाहीत. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं आणि ती गेली, असं नंतर कळलं.

तेव्हा कुठे कॉपीराइटचा कायदा वाचायला घेतला. १९५७चा. पैसे देऊन रंगवून घेतलेल्या चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, रंगवून घेणाऱ्याकडे जातो, हे कलम १७ मध्ये स्वच्छ लिहिलंय. कॉलेजात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण कलम ५७ वाचून जीव भांड्यात पडला. हक्क विकून टाकले तरी 'हे मी काढलं' असं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. म्हणजे वडील कायदा न वाचताच बरोबर होते.

२०१० साली सदाशिव पेठेत एक खोली भाड्यानं घेऊन मी प्रोप्रायटरी, म्हणजे एकटीच्या मालकीची, फर्म काढली. काम तेच, मुलांच्या पुस्तकांची चित्रं. डीटीपी करणारी एक मैत्रीण आणि मी, एक ए-थ्री स्कॅनर, एक कॉम्प्युटर. आज आम्ही चौघी आहोत. पहिल्या दिवसापासून नियम एकच: करार झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीनं चित्रकाराचं नाव, मूळ चित्रं आमच्याकडे, वापराची मुदत लिहिलेली. ती लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. यावरून सुरुवातीला तीन कामं गेली. एका प्रकाशकांनी तर फोनवरच सुनावलं, "चार बेडूक काढायचे आणि तोरा केवढा!"

बाकीचं शिक्षण छापखान्यानं दिलं. एक कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. मध्ये पिन मारलेल्या अशा पुस्तकात ८-९ हीच काय ती अखंड जोडी. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या ठिकाणी छापलं जातं. हे कळेपर्यंत ४-५ वर काढलेल्या आमच्या हत्तीचा डोळा घडीत गेला होता. त्या पुस्तकात हत्ती एकाक्ष आहे, आणि मुलांना तो तसाच आवडतो, हे वेगळं. स्क्रीनवर लखलखणारं भाताचं हिरवं चार रंगांत छापल्यावर शेवाळी होतं, हेही पदरचे पैसे घालवून शिकलो. आणि छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते, त्यातल्या फक्त काळ्या प्लेटवर अक्षरं ठेवायची. मग तेच पुस्तक हिंदीत किंवा गुजरातीत काढताना एकच प्लेट बदलावी लागते. म्हणून चित्रातल्या दुकानांवर आम्ही पाट्या रंगवत नाही. पेंटरच्या मुलीनं बिनपाटीचा बाजार काढावा, यावर वडील पोट धरून हसले होते.

धंद्याचं म्हणाल तर पैसे उशिरा येतात, हे दुखणं कायमचं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केल्यापासून, बिलावरच ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम छापतो. त्यानं सगळे सुधारले नाहीत, थोडे सुधारले. २०२० साली हातातली तिन्ही पुस्तकं थांबली आणि ते वर्ष साठवलेल्या पैशांवर काढलं. फुकट वाटण्याला माझा विरोधच होता, पण स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत गोष्टींच्या वेबसाइटवर आमच्यातल्या एकीनं एक गोष्ट टाकली. तिथला परवाना असा, की चित्र कुणीही वापरावं, फक्त नाव द्यावं. मला लिपीही वाचता येत नाही अशा भाषेत ती गोष्ट निघाली आणि खाली तिचं नाव होतं. मग मी गप्प बसले.

आता प्रत्येक पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, आधी मुलांना दाखवतो, प्रकाशकांना नंतर. मागच्या वर्षी मिरजेजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बैलगाडीच्या गोष्टीची डमी नेली होती. दुसरीतली मुलं जमिनीवर पालथी पडून पानं उलटत होती. एक जण नवव्या पानावर थांबला. "ह्याला वेसण न्हाई. मग ह्यो थांबंल कसा?" आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बैल पुन्हा काढला. एका पानाचा नव्हे, सात पानांचा, कारण वेसण एकदा आली की सगळीकडे यायला हवी.

शेवटच्या पानावर श्रेयनामावलीत आम्ही एक ओळ वाढवली: 'बैलाची वेसण', आणि पुढे त्या मुलाचं नाव. त्याच्या आईवडिलांना विचारूनच. प्रकाशकांनी फायनल पाहताना त्यावर लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, "हे कशाला?" मी कराराची झेरॉक्स पाठवली. नावांच्या कलमाखाली हिरव्या पेननं रेघ मारून.