‘तुंबाड’मधला पाऊस आणि ती म्हातारी
२०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या भयपटामागचे कष्ट कळल्यापासून मी तो निराळ्याच नजरेने पाहतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचे चित्रीकरण २०१२मध्येच सुरू झाले होते, परंतु पडद्यावर सतत कोसळणारा तो पाऊस बव्हंशी खराखुरा असल्याने पथकाला एकामागून एक पावसाळ्यांची वाट पाहावी लागली आणि काम वर्षानुवर्षे लांबले. माझ्या मते, चित्रपटातली भीती हस्तर या त्यातल्या राक्षसी देवापेक्षाही त्या ओल्या, मळभी उजेडात अधिक आहे, आणि तसा उजेड स्टुडिओत सहसा साधत नाही. वाड्याची दृश्ये सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रित झाली. त्या भिंतींचे जुनेपण रंगवून आणलेले नाही.

मला सर्वांत थक्क करते ती मात्र शापित म्हातारी. कथानायक विनायकाचा मुलगा पांडुरंग साकारणारा बालकलाकार मोहम्मद समद यानेच प्रोस्थेटिक मेकअपखाली (चेहऱ्यावर कृत्रिम त्वचेचे थर चढवून केलेल्या रंगभूषेखाली) त्या म्हातारीचीही भूमिका केली आहे. हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. सुरकुत्यांच्या त्या जाड थराखाली एक कोवळा मुलगा आहे, याचा मागमूसही लागत नाही. पुरस्कारांच्या चर्चेत या कामाची दखल फार कमी घेतली गेली, याची मला मनापासून खंत वाटते.