तुम्ही विचारलंत म्हणून: पोअर-ओव्हर थेट थर्मासमध्ये गाळली तर चालते का?

मी घरी पोअर-ओव्हर, म्हणजे पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून फिल्टर पेपरमधून गाळलेली कॉफी, करते हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच, की खाली काचेचं भांडं कशाला, ड्रिपर (फिल्टर पेपर बसवायचं चाडीसारखं भांडं) सरळ स्टीलच्या थर्मास पॉटवर ठेवला तर काय बिघडतं? काहीच बिघडत नाही. दोन किंवा जास्त कप करत असाल आणि सगळी कॉफी लगेच संपणार नसेल तर मी म्हणेन थर्मासच घ्या. एकच कप असेल तर मात्र त्या फंदात पडू नका, ड्रिपर मगवर ठेवा, गाळा आणि प्या.

का ते सांगते. आपण पाणी ओततो ते साधारण 92 ते 96 डिग्रीचं, पण पुडीतून, फिल्टर पेपरमधून, ड्रिपरच्या भिंतींना लागत लागत ते खाली पडेपर्यंत त्यातली बरीच उष्णता वाटेतच गेलेली असते, आणि हे सगळं चालतं तीन-चार मिनिटं, म्हणजे शेवटचा थेंब पडायच्या आत पहिला थेंब खाली गार व्हायला लागलेला असतो. पातळ काचेत तर दुसरा कप ओतेपर्यंत कॉफी कोमट. मग लोक भांडं हॉटप्लेटवर ठेवतात, आणि मला खरं वाईट वाटतं ते इथे, कारण चांगली कॉफी खालून सतत तापत राहिली की तिचा वास उडून जातो, पाणी आटतं, त्यातली क्लोरोजेनिक ॲसिड्स तुटून क्विनिक ॲसिड वाढतं आणि एक कडवट-तुरट चव येते जी मग कशानेच जात नाही. थर्मास स्वतः उष्णता देत नाही, आहे ती धरून ठेवतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी 1892 मध्ये दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेलं हे भांडं बनवलं ते अतिथंड द्रव वायू टिकवायला, पण उष्णता आत येऊ द्यायची नाही काय किंवा बाहेर जाऊ द्यायची नाही काय, काम एकच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पॉट आधी तापवून घ्या. हे लोक टाळतात आणि मग म्हणतात थर्मास बेकार आहे. आतली स्टीलची भिंत थंड असते आणि ती तापते तुमच्याच कॉफीवर. समजा ती भिंत दोनशे ग्रॅमची आहे, तर अर्ध्या लिटर कॉफीचे अंदाजे दोन-तीन डिग्री त्यातच जातात, आणि त्याच पॉटमध्ये एकच कप गाळलात तर दुपटीने जातात. एका कपाला नको म्हणते ते यासाठीच. उकळतं पाणी भरायचं, झाकण लावायचं, तेवढ्यात बिया दळायच्या, पेपर ड्रिपरमध्ये बसवून धुऊन घ्यायचा, आणि पॉटमधलं पाणी अगदी ओतायला सुरुवात करायच्या आधी फेकायचं. आधीच फेकून पॉट उघडा ठेवला तर मेहनत वाया.

दुसरी गोष्ट ड्रिपर आणि पॉटच्या तोंडाची, हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. थर्मासचं तोंड अरुंद आणि गोल असतं, त्यावर सपाट बुडाचा ड्रिपर बरोबर चिकटून बसला की आतली हवा अडकते. कॉफी खाली यायची तर तेवढी हवा बाहेर जायला हवी ना! वाट नसली की धार बारीक होते, मग नुसते थेंब, मग थांबतंच, ड्रिपरमध्ये पाणी तुंबतं, आणि आपण दोष देतो दळण बारीक झालं म्हणून. एकदा ड्रिपर जरासा उचलून बघा, फुस्स करून हवा सुटते आणि कॉफी धो धो उतरायला लागते, म्हणजे दळणाचा काही संबंध नव्हता. उपाय सोपा आहे, कडेखाली एक पातळ लाकडी काडी सरकवायची, ड्रिपर डगमगत नाही ना एवढं बघायचं. केमेक्सच्या काचेच्या भांड्यात (त्यात ड्रिपर आणि खालचं भांडं एकच असतं) ओतायची जी खाच असते ती हेच काम करते, पेपर तिथे चिकटला तर तिचीही धार मंदावते. पॉट नवीन घेणार असाल तर आपला ड्रिपर सोबत न्या आणि त्यावर ठेवून बघा, दिसण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

तिसरी अडचण म्हणजे स्टीलमधून आत दिसत नाही. काचेत डोळ्यांनी कळतं किती झाली, इथे वजनकाट्याशिवाय पर्याय नाही. हिशोब असा, पूड तिच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी स्वतःकडे ठेवते, म्हणजे 30 ग्रॅम पूड आणि 500 ग्रॅम पाणी घेतलंत तर पॉटमध्ये येणार 440 ग्रॅमच्या आसपास. पॉटमध्ये याहून बरीच जास्त जागा हवी, कारण ड्रिपरचं टोक तोंडातून आत उतरतं आणि ते कॉफीत बुडलं की परत सगळं तुंबतं. काट्याची मर्यादाही बघून घ्या, स्टीलचा पॉट जड, त्यावर चिनी मातीचा ड्रिपर, वर पाणी, आणि पुष्कळ घरगुती काटे दोन किलोपर्यंतच मोजतात, मोठा पॉट असेल तर नेमकं अर्ध्यावर काटा एरर दाखवतो.

गाळून झालं की ड्रिपर काढायचा, पॉट हलकेच गोल फिरवायचा आणि लगेच झाकण. फिरवायचं अशासाठी की सुरुवातीला उतरते ती दाट आणि शेवटची पातळ, अरुंद पॉटमध्ये ती आपोआप नीट मिसळत नाही, मग पहिल्या कपाची आणि शेवटच्या कपाची चव वेगळी लागते. आणि झाकण लगेच, कारण भिंती कितीही चांगल्या असल्या तरी उघड्या तोंडातून वाफेबरोबर उष्णता जातच राहते. तासभर कॉफी मस्त राहते. त्यानंतर गरम असते पण वास बसायला लागतो, दोन तासांनी मी ती कोणाला हौसेने देणार नाही, तेव्हा थर्मास आहे म्हणून सकाळीच दिवसभराची करून ठेवू नका.

आणि धुण्याचं. कॉफीचं तेल स्टीलला चिकटतं, खवट होतं, मग कितीही ताजी कॉफी गाळा, जुनाट वास येणारच. रोज गरम पाण्याने विसळा, अधूनमधून खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा, तारेची घासणी आत घालू नका. सोडा असो किंवा कॉफीच्या भांड्यांसाठी मिळणारी पावडर, ते आत असताना झाकण घट्ट लावायचं नाही, गॅस तयार होऊन दाब वाढतो. झाकणातली रबरी रिंग मात्र वेगळी काढून धुवा, पॉट लखलखीत असूनही वास येत असेल तर बहुतेक वेळा तो तिचाच असतो.