भंडारदऱ्याच्या काठी तंबूत: कमी सामान, पुरेशी शिदोरी

भंडारदऱ्याला धरणाकाठी टेंटमध्ये राहून आलो, तेव्हापासून ओळखीपाळखीचे एकच विचारतात: सामान काय काय नेलंत? प्रश्न रास्त आहे. तिथलं पाणी, डोंगर, रात्रीचं आभाळ यांचे फोटो सगळीकडे दिसतात, पण कडाक्याच्या थंडीत मुलाबाळांसह तंबूत झोपायचं तर सॅकेत काय भरायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सहा जण होतो. मी आणि नवरा, दीर-जाऊ, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. महिना जानेवारीचा. स्वतःची गाडी न्यायची नाही, लोकल आणि एसटीनेच जायचं, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे ज्याचं सामान त्याच्याच पाठीवर. मोठ्यांना पाच किलो, मुलाला दीड किलो, सासूबाईंकडे फक्त खांद्याची पिशवी, अशी मर्यादा आम्ही घालून घेतली आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक सॅक वजनकाट्यावर ठेवून पाहिली. काटा पुढे गेला की काहीतरी बाहेर काढायचं, त्यात चर्चा नाही.

सॅक भरायच्या आधी मात्र फोन करायचा. जलाशयाच्या काठाने शेंडी, मुरशेत, गुहिरे या गावांच्या बाजूंना बरेच कॅम्प आहेत आणि बहुतेकांची पद्धत सारखीच: दुपारी चारच्या सुमाराला ताबा, संध्याकाळी चहा-भजी, रात्री जेवण, शेकोटी, सकाळी पोहे-चहा आणि अकराला तंबू रिकामा करायचा. तपशिलात मात्र फरक असतो आणि सामानाचं वजन त्या तपशिलावर ठरतं. मी विचारलेले प्रश्न असे: गादी किती जाड आहे? माणशी पांघरुणं किती, आणि ती लोकर की सोलापुरी चादर? पिण्याचं पाणी जारचं आहे का? संडास तंबूपासून किती पावलांवर, आणि रात्री तिथे दिवा असतो का? फोन चार्ज करायला जागा आहे का? दुपारचं जेवण मिळतं का? नसेल तर चूल आणि पातेलं वापरायला द्याल का? कॅम्पवाले दादा गावातलेच होते. त्यांनी न कंटाळता सगळं सांगितलं, वर म्हणाले, "ताई, पातेली आणू नका, आमच्याकडे ढीग आहे. कानटोप्या तेवढ्या आणा." त्या एका फोनने आमचं चार-पाच किलो ओझं कमी झालं.

कॅम्प जे देतो त्याच्या मधल्या ज्या फटी राहतात, त्या भरतील एवढंच न्यायचं. आमच्या बाबतीत फटी तीन होत्या: पहाटेची थंडी, दुपारचं जेवण आणि येण्याजाण्यातली भूक.

थंडीचं आधी सांगते, कारण लोक तिथेच चुकतात. भंडारदरा समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, एका बाजूला अफाट पाणी, भोवती कळसूबाई-रतनगडाचे डोंगर. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरला तर नवल नाही. मुंबईकर अशा वेळी चार स्वेटर भरतो. पण तंबूत थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून चावते. अंगाखालची गादी दबते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून दोन पांघरुणं असतील तर एक अंगाखाली घ्यावं. आम्ही घडीचे पातळ फोमचे पट्टे नेले होते, ते गादीखाली घातले. हवेने फुगवायची गादी मात्र थंडीत नेऊ नये, तिच्यातली हवाच गार पडते.

स्लीपिंग बॅग आम्ही नेल्या नाहीत. एकेक सव्वा-दीड किलोची, आणि कॅम्पकडे पांघरुणं होतीच. त्याऐवजी जुन्या सुती साड्या दुमडून, दोन बाजूंनी शिवून माणूस आत शिरेल अशा पिशव्या केल्या. घडी केली की ओंजळीत मावतात. कॅम्पची ब्लँकेटं कितीही झटकली तरी दहा जणांनी वापरलेली असतात. आपली स्वच्छ पिशवी आत असली की त्याचा त्रास होत नाही आणि उबेचा एक थरही वाढतो. सासूबाईंनी स्वतःच्या साडीची पिशवी पाहून लगेच मान डोलावली. त्यांना त्यांची गोधडी न्यायची होती. स्वतःची गाडी असेल तर गोधडीसारखं सुख नाही, पण एसटीत ती मांडीवर घेऊन बसणं कठीण.

कपड्यांचा हिशोब दोन जोडांचा. एक अंगावर, त्यातच चालायचं, बसायचं, धुळीत लोळायचं. दुसरा फक्त झोपायचा: थर्मल किंवा गरम पायजमा, पूर्ण बाह्यांचा सदरा, कोरडे मोजे, कानटोपी. हा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा आणि रात्रीपर्यंत सोडायचा नाही. दिवसभरच्या घामाने दमट झालेले सुती कपडे घालून झोपलं तर वर तीन ब्लँकेटं घेऊनही हुडहुडी जात नाही. जाड जॅकेट आणि बूट प्रवासात अंगावरच ठेवायचे, म्हणजे सॅकेतली जागा वाचते. आणि टॉवेल न नेता पंचा न्या. वजनाला काहीच नाही, तासाभरात वाळतो, डोक्याला गुंडाळता येतो, तापलेलं पातेलं उतरवता येतं, भाकऱ्या बांधता येतात.

झोपण्यापूर्वी चुलीवरचं गरम पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी ठेवलं. मुलगा दहा मिनिटांत झोपला. तंबूची जाळीची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने कापड आतून ओलं होतं आणि पहाटे तेच थेंब अंगावर पडतात. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: निखाऱ्याची शेगडी तंबूत कधीही घेऊ नका, लहान असो वा विझत आलेली. बंद जागेत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेकोटी बाहेर, तंबूपासून लांब.

आता शिधा. रात्री कॅम्पवर तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, चिकनचा रस्सा आणि भात होता. रांधणाऱ्या मावशी आग्रहाने वाढत होत्या, तेव्हा रात्रीसाठी घरून काही नेण्याची गरज नाही. दुपारसाठी मी खिचडीची तयारी नेली होती. सहा जणांना अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ पुरते. दोन्ही घरी धुऊन सावलीत कडकडीत वाळवली, त्यात हळद, तिखट, मीठ, जिरं, गोडा मसाला मोजून मिसळला आणि एका जाड पिशवीत भरलं. तेल छोट्या बाटलीत शंभर मिली, सोबत चार कांदे, मूठभर शेंगदाणे, भाजलेले पापड. कॅम्पच्या चुलीवर, त्यांच्याच पातेल्यात तासाभरात जेवण तयार. पिठाचे, मसाल्यांचे वेगवेगळे डबे न्यायचे म्हटलं तर नुसत्या डब्यांचंच वजन किलोभर होतं.

वाटेसाठी दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. दशमी दुधात भिजवलेल्या कणकेची, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि हिवाळ्यात दोन दिवस सहज टिकते. भाजी नेऊ नये, सांडते. चिप्सची पाकिटं हवेनेच फुगलेली असतात, जागा खातात. चिवडा त्यापेक्षा बरा. चहा कॅम्पवर ठरलेल्या वेळीच मिळतो, म्हणून सहा जणांच्या दोन चहांपुरती पावडर, साखर आणि दुधाची पावडर एकाच पुडीत नेली होती. पहाटे पाचला जाग आली तेव्हा ती पुडी फार मोलाची वाटली.

गॅसबद्दल. घरचा छोटा सिलिंडर किंवा कॅम्पिंगची डबी रेल्वेत नेता येत नाही. ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की नुसत्या ब्युटेनची डबी थंडीत रडते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात दाब उतरतो आणि आंच मंदावते. चूल मिळत असेल तर चूलच घ्या. लाकूड मात्र कॅम्पवाल्यांकडूनच घ्यायचं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, रानातून फांदी मोडून आणायची नाही.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरून लोक पेटीभर बाटल्या घेऊन निघतात. माणशी एक लिटरची एकच बाटली नेली आणि वाटेत, कॅम्पवर भरत गेलो. जलाशयाचं पाणी नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. आणि त्यात उतरूही नये. हे अकरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आतबाहेरचं धरण, १९२६ साली पुरं झालेलं. शेतीचं आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं आणि काठावर वरून कोरडा, आतून चिकट गाळ उरतो. मुलाला आम्ही काठापासून दहा पावलं अलीकडे रेघ ओढून दिली होती. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय होडी हलू द्यायची नाही.

पोचायचं कसं: कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून नाशिककडे जाणाऱ्या शेअर गाडीने घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडीला एसटी किंवा जीप. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ हवं. घोटी हा शेवटचा मोठा बाजार समजा. फळं, कांदे, अंडी, औषधं, टॉर्चचे सेल आणि मुख्य म्हणजे रोख रक्कम तिथेच घ्या. पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. वन खात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क द्यायला सुटे पैसे लागतात. रेंज शोधून शोधून फोनची बॅटरी लवकर संपते, थंडीत तर आणखी लवकर; रात्री फोन विमान मोडवर टाकून पांघरुणात घ्यावा. सहा जणांत एक पॉवर बँक पुरली. टॉर्च मात्र प्रत्येकाला वेगळी, आणि शक्य तर डोक्याला बांधायची. रात्री संडासला जाताना दोन्ही हात मोकळे असलेले बरे.

रात्री तंबूत खाऊ ठेवू नका, उंदीर कापड कुरतडून आत येतात. सगळं एका झाकणाच्या डब्यात घालून कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यावं. बूट बाहेर ठेवले तर कुत्री पळवतात, आत ठेवले तरी सकाळी आपटून, झटकूनच पाय घाला. इंगळीचा मुलूख आहे. औषधांच्या पुडीत तापाची गोळी, ओआरएस, चिकटपट्टी, मलम, ज्याची त्याची रोजची औषधं आणि बायकांना लागणारं सामान, एवढं पुरे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही दोन ठिकाणी वाटून ठेवल्या होत्या, एका सॅकेचं काही झालं तरी अडू नये म्हणून.

फिरण्याचं थोडक्यात. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे करत परत शेंडीला येतो. गावातली जीप ठरवली तर एका दिवसात होतो. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासाठी निवांत तास ठेवा, त्याचं कोरीव काम आणि बाजूची पुष्करणी घाईत पाहण्यासारखी नाही. साम्रदच्या सांदण दरीत उतरायचं तर वाटाड्या घ्या, आणि आतल्या डोहातून जायला पट्ट्यांच्या सँडल न्या, म्हणजे बूट कोरडे राहतात.

काजव्यांसाठी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर यादी बदलते. गरम कपडे आणि पट्टे काढा. पोंचो, सॅकेला प्लॅस्टिकचं अस्तर, लवकर वाळणारे कपडे आणि दोन जोड मोजे घाला. वळवाच्या सरीत काठावरचा तंबू टिकत नाही, म्हणून कॅम्पला पक्की खोली आहे का हे फोनवरच विचारा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा आणि झाडांवर झोत मारू नका, काजव्यांचे इशारे त्याने बिघडतात. वन खात्याने त्या वर्षी गाड्यांना आणि रात्रीच्या फिरण्याला काय वेळा घालून दिल्या आहेत तेही निघण्यापूर्वी पाहा.

कचऱ्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या आठवणीने न्या आणि भरून परत आणा. काठावर टाकलेलं प्लॅस्टिक पाण्यातच जातं. परत निघताना शिधा संपलेला असतो, सॅकेत जागा होते. आम्ही घोटीत उतरून इंद्रायणी तांदूळ घेतला, माणशी दोन किलो. घरी आल्यावर साडीच्या पिशव्या आणि फोमचे पट्टे त्याच दिवशी उन्हात टाका, दवाचा ओलावा दिसत नसला तरी त्यांत असतोच.