स्वयंपाकघरातला संसार

रविवार, रात्री

आज दुपारी टीव्हीवर 'पिया का घर' लागला होता. 1972 चा, बासू चटर्जींचा. याआधी तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. आज आईंशेजारी (माझ्या सासूबाई) बसून सलग पाहिला, आणि तेव्हापासून मालती डोक्यातून जात नाहीये.

गावातल्या ऐसपैस घरात वाढलेली मुलगी. लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते, तर एवढ्याशा जागेत सासू, सासरे, दीर, जाऊ. नव्या जोडप्याच्या वाट्याला रात्रीपुरतं स्वयंपाकघर! दाराच्या अलीकडे सगळं घर झोपलेलं. जया भादुरीचा चेहरा बघत राहावा: आधी लाज, मग चिडचिड, मग नवऱ्याकडे बघून पुन्हा हसू.

चटर्जींचा पहिला सिनेमा, 1969 चा 'सारा आकाश', हाही एकत्र कुटुंबातल्या नवविवाहितांचाच, आग्र्यातला. तिथे दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलतच नाहीत. इथे दोघांना भरभरून बोलायचंय आणि जागा नाही. मला हे दुसरं दुःख जास्त जवळचं वाटतं, कारण यात कोणाचाच दोष नाही. सासू खाष्ट नाही, जाऊ कुचकी नाही. सगळी मायेची माणसं, आणि तरीही त्या दोघांचा कोंडमारा होतो. नवराबायकोला एकांत हवासा वाटणं यात काही कमीपणा नाही, हे हा सिनेमा इतक्या सभ्यपणे सांगतो की घरातल्या मोठ्यांसमोर बघतानाही अवघडायला होत नाही.

शेवटी काका मालतीला माहेरी न्यायला येतात आणि तिच्यासाठी घरातली माणसं स्वतःच जागा सोडायला निघतात. हे पाहून तिचा पाय निघत नाही. हा शेवट मला आधी जरा गोडगोड वाटायचा.

पण सिनेमा संपल्यावर आई बोलायला लागल्या. लग्न होऊन त्या नायगावच्या बीडीडी चाळीत आल्या. खोली 160 चौरस फुटांची, माणसं सात. "यांच्याशी धड बोलायचं तर दादरच्या चौपाटीवर जायचं, तेही नणंदेला घेऊन," म्हणाल्या. मग त्यांच्या मामंजींचं (सासऱ्यांचं) सांगितलं. ते गिरणीत होते. लग्नानंतर लगेचच त्यांनी आपली वळकटी गॅलरीत नेली. कोणी विचारलं तर म्हणायचे, आत उकडतं. डिसेंबरातसुद्धा उकडतंच म्हणायचे. "सूनबाईंसाठी करतोय असं एकदाही बोलले नाहीत गं." हे सांगताना आईंचा आवाज भरून आला. माझाही.

म्हणजे सिनेमातली माणसं कोणी बसून रचलेली नव्हती. अशी माणसं मजल्यामजल्यावर होती.

'पिया का घर'चं मूळ मराठीच: राजा ठाकूरांचा 1970 चा 'मुंबईचा जावई', अरुण सरनाईकांचा. गाणी गदिमांची, संगीत बाबूजींचं (सुधीर फडके). त्यातलं रामदास कामतांचं गाणं आई संध्याकाळभर गुणगुणत होत्या. तो सिनेमा त्यांनी मामंजींबरोबर थिएटरात पाहिलाय, सगळं घरच गेलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी तोच लावणार आहोत. ह्यांनाही बसवणार, मॅच असली तरी.