प्रेताला विचारलेले पाच प्रश्न

आज भाच्याने हट्टाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्ज’ बघायला बसवलं. २०२३ चा सिनेमा, १९७४ साली आलेल्या खेळावर बेतलेला. मी मनाशी म्हटलं, आता दोन तास ड्रॅगन आणि तलवारी. निमूट चहा घेऊन बसलो.

आणि स्मशानातल्या प्रसंगाला तोच चहा नाकातून आला! मंत्राने प्रेत उठवायचं, पण पाचच प्रश्न विचारायचे. ही मंडळी आपसात बोलता बोलता भलतंच काहीतरी विचारून बसतात, प्रेत इमानदारीत उत्तर देतं आणि प्रश्न संपतात. की खणा पुढची कबर! आमच्या सोसायटीची मीटिंग हुबेहूब अशीच चालते.

ख्रिस पाइनचा एडगिन तर नावाचाच नायक. मारामारी त्याची जोडीदार होल्गा करते, हा ल्यूट वाजवतो आणि बेत आखतो. एक फसला की दुसरा तयार. ड्रॅगनसुद्धा इतका गलेलठ्ठ की गडगडतच येतो.

“मामा, खेळात असंच होतं. सगळं फाशावर,” म्हणत भाच्याने खिशातून वीस बाजूंचा फासा काढून माझ्या हातावर ठेवला. मोठ्या बोराएवढा, निळा, कडा झिजलेल्या. म्हणे, वीस पडले तर वार हमखास बसतो, एक पडला तर हमखास चुकतो.

मी टाकला. एक.

“मामा, तू मेलास.”

“बरं, मग विचार पाच प्रश्न.”

“जेवायला काय आहे?”

एक वाया गेला.